डाव्या भिंतीवरची जाळी

पाचपावलीत, रेल्वे फाटकाच्या अलीकडे,
गणवीर मास्तरांच्या पत्र्याच्या शेडमध्ये
कपाट नव्हतं.
मेलेल्या कूलरची एक बाजू होती,
वाळा काढून, उजव्या भिंतीवर ठोकलेली.
तिच्या भोकांत हत्यारं उभी.
मे महिन्यात ओल्या फडक्याचे शिंतोडे उडाले
की त्या जाळीला अजून वाळ्याचा वास यायचा.

पहिल्या दिवशी मी विचारलं,
आधी मोठी लावू की लहान?
"पोट्टे, शाळेची रांग आहे काय ही?
चेहऱ्यावरून हात जसा उतरते, तशी लाव."

म्हणून दाराकडे कपाळ : बांबूची रुंद पाती.
मग भुवई, करवतीच्या तुटक्या पात्याची.
मग डोळा, म्हणजे छत्रीची काडी,
घासत घासत
सुई होण्याच्या जरा आधी थांबवलेली.
नाकपुडीला तारेचा फास.
ओठांना डेंटल कॉलेजच्या भंगारातली वाकडी सळई
(कुणाकुणाच्या दाढेत फिरली असेल,
मी मनात मोजायची).
आणि पार हाताशी, हनुवटीची,
चिंचेच्या लाकडाची,
मास्तरांच्या अंगठ्याने मधोमध खोलगट केलेली.

चष्म्यांसाठी सायकलचे स्पोक, बिस्किटांच्या डब्यात.
कोटाच्या खिशातल्या पेनांची टोपणं दुसऱ्या डब्यात,
ऑक्टोबरच्या आधी तीही कमी पडत.
ओळंबा, परकार, हातोडी कोपऱ्यात :
"हे पाहुणे. कामापुरते."

संध्याकाळी लोखंडाला खोबरेल तेलाचं बोट.
लाकडाला नाही.
तेलकट लाकडाला माती हात देत नाही.

चुकीच्या भोकात काही ठेवलं
तर मास्तर बोलत नसत.
न बघता हात न्यायचे
आणि तो तिथेच रिकामा धरून ठेवायचे,
माझ्या लक्षात येईस्तोवर.

मग एका वर्षी, मारबतीच्या दुसऱ्या दिवशी, शेड बंद.
मेयोत आहेत, म्हणाले शेजारचे. उजवी बाजू गेली.
दीड महिन्याने कुलूप निघालं,
मी सवयीने उजवीकडे हात टाकला,
भिंतीवर चार खिळ्यांची भोकं.

जाळी डाव्या भिंतीवर होती.
दाराकडे कपाळ, हाताशी हनुवटी,
सगळं तसंच, आरशात असावं तसं.
स्टुलावर मास्तर,
मांडीवर उजवा हात,
धुऊन, पुसून ठेवून दिलेला.
"पाहून काय राहिली? माती भिजव."

डाव्या हाताच्या पहिल्या डोळ्याला नऊ दिवस लागले.
एक पापणी किंचित खाली राहिली.
उमरेडचे लोक न्यायला आले, त्यांच्यातली म्हातारी
पुतळ्यापुढे बराच वेळ उभी होती. म्हणाली,
रात्रभर वाचत बसले वाटते.

मास्तर जाऊन चार वर्षं झाली.
मी उजवी.
जाळी हलवायची म्हणून दोनदा
ड्रिल भाड्याने आणलं,
दोनदा भाडं भरून परत केलं.
हात छातीवरून पलीकडे न्यावा लागतो,
दर वेळी,
खांदा दुखतो थंडीत.

काल नव्या पोराने, सुमेधने,
दाताची सळई भुवईच्या भोकात ठेवली.
मी काही बोलले नाही.
हात आडवा नेला, रिकामा,
आणि तसाच धरला.
तो मोबाइल बघत होता, वेळ लागला त्याला.
तोवर माझ्याच कोपराखाली
माझा श्वास
वरखाली होत राहिला.