आतली कड

गाडी आली तेव्हा आधी लिंबू दिसलं.
पुढच्या बंपरखाली बांधलेलं,
रस्त्याला घासून खालून सपाट झालेलं.
मिरच्या बहुतेक नाशिकरोडलाच संपल्या असाव्यात.

पळशाचा गायधनी, नाव केयूर,
मिशी अजून रनिंग-इनमध्ये.
म्हणाला, काका, आवाज येतो.
कसा?
येतो म्हणजे... येतो.

असं चालत नाही, बाबा.
वडाळा नाक्यावर एकतीस वर्षं
मी आवाजावरच जेवतोय.
खुळखुळ असेल तर लिंक रॉड.
कुरकुर असेल तर बुश, वाळून चरे पडलेला.
धप्प म्हणजे शॉकअपातलं तेल गेलं.
आणि कटकट...
कटकट वडील करतात, तो म्हणाला,
गाडी खाली केल्यापासून.

तो एकटा फिरवून आला. काही नाही.
डॉक्टरसमोर खोकला थांबतो तसं.
मी विचारलं, डावीकडे कोण बसतं?
कोणी नाही, म्हणाला,
आणि कानाच्या पाळ्या लाल.

मग मी बसलो. अठ्ठ्याण्णव किलो.
सीटनं श्वास सोडला.
इंदिरानगरच्या बोगद्याकडे तीन गतिरोधक,
चौथ्यावर चाक अर्धं वळलं आणि
टण्.
घंटेला कोणी नखानं टिचकी मारावी तसं.
म्हटलं, ती जी कोणी नाही ना,
तिनंच पाठवलंय तुला.
हसला. पहिल्यांदा.

जॅक लावला, चाक अधांतरी.
बारा-सहावर धरून हलवलं, बॉल जॉइंट घट्ट.
नऊ-तीनवर धरलं, स्टिअरिंगचा रॉडही घट्ट.
मग स्प्रिंगला हात लावला, तर ती
सैल बांगडीसारखी गर्रकन फिरली.
दोन वेढे कापलेले.
कुठे कापली रे?
द्राक्षांच्या पॅकिंग शेडमध्ये. रात्री. ग्राइंडरनं.
मित्र होते सगळे.

कापलेल्या स्प्रिंगला बूड राहत नाही.
आपल्या वाटीत ती बसत नाही, नुसती टेकते.
वजन आलं, चाक वळलं, की सरकते.
सरकली की बोलते.

आता टायर.
बाहेरून खाचा भरपूर,
कारखान्यातले रबराचे केस अजून अंगावर.
त्याचा तळवा धरून बाहेरून आत नेला, गुळगुळीत.
परत आणला, करवत.
पुन्हा आत नेला, आणखी आत,
जिथं बघायला गुडघ्यावर बसून मान मोडावी लागते.
त्यानं झटकन बोट काढलं.
तार.
रक्ताचा एक ठिपका.

किती चाललाय?
सात हजार.

विकेशनं स्क्रीन लावली, आकडे लाल.
पोराला आकडे कळले नाहीत, म्हणून सांगितलं:
गाडी खाली बसली की चाकं पाय फाकवून
तळव्याच्या आतल्या कडेवर उभी राहतात.
आणि पुढची दोन्ही, सरळ रस्त्यावरही,
आपापल्या गावाला निघालेली असतात,
एक त्र्यंबकला, एक सिन्नरला.
तू स्टिअरिंग धरून त्यांना बरोबर नेतोस,
त्याचं भाडं रबर भरतं.

उंची परत घे, दोन बोटं.
नको काका, एक.
अरे स्प्रिंग काय भाजी आहे?
दीडवर आलो.
त्या मापाची, टोक वळवलेली, बसणारी स्प्रिंग मागवली.
चार दिवस गाडी इथंच, विटांवर.
रोज संध्याकाळी तो बसनं यायचा,
काही न बोलता तिच्याजवळ उभा राहायचा.

गेला तेव्हा नाक्याच्या सिग्नलपर्यंत कान लावला मी.
काही नाही. रिक्षांचा गोंगाट फक्त.
नवं लिंबू मात्र त्यानं आरशाला बांधलं होतं.

त्याचा जुना टायर दुकानाबाहेर भिंतीला टेकवलाय,
बाहेरची बाजू रस्त्याकडे.
आतापर्यंत तिघांनी भाव विचारला,
एक तर पैसे काढूनच उभा.
मी काही बोलत नाही.
टायर फक्त फिरवून दाखवतो.