पुकारा

कंब्रियाच्या डोंगरात, थॉर्नगिलच्या कोर्टात
एकोणीस वर्षं मी नावं पुकारली.
अंगात काळा झगा, हातात यादी.
बूट पुसून आलेला पहिल्यांदाच आलेला असायचा,
च्युइंगम चघळणारा सरावलेला,
आणि आईसोबत आलेला
कोर्टापेक्षा आईला जास्त भ्यालेला.

समोर तिघं बसत, बिनपगारी.
मधल्या खुर्चीत थेल्मा रॉलिन्सन.
गुरांच्या डॉक्टरकडे तिने आयुष्यभर हिशेब लिहिले.
कायद्याची पदवी नाही,
पण कोणाच्या गोठ्यात काय मेलं
आणि त्या हिवाळ्यात कोण पिऊ लागलं,
तिला तोंडपाठ.
फार ओळखीचं कुणी निघालं
तर स्वतःच उठून जायची, चहा करायला.

शिक्षा सांगताना चष्मा काढायची.
एकदा विचारलं, का?
म्हणाली, अरे, हा वाचायचा आहे.
माणूस तिकडे लांब उभा असतो.

आधी हीटर गेला.
मग टायपिस्ट.
मग बुधवार गेला, पाठोपाठ सोमवार.
थेल्मा घरून झेरॉक्सचे कागद आणायची,
ओव्हरकोट घालूनच निकाल द्यायची,
आणि वाफ तिच्या तोंडातून निघायची
तशीच आरोपीच्याही.

लंडनहून एक तरुण आला मोजमाप घ्यायला.
लेझरचा लाल ठिपका
पिंजऱ्यावरून फिरला, बाकांवरून फिरला,
माझ्या झग्यावर क्षणभर थांबला.
"इमारतीचा वापर बत्तीस टक्के," तो म्हणाला.
थेल्मा म्हणाली,
"आणि आगीच्या बंबाचा?"
त्याने तेही लिहून घेतलं, बहुतेक.

सिंह आणि एकशिंगी घोडा भिंतीवरून उतरवले
तेव्हा मागे दोन्हींच्या आकाराची
स्वच्छ भिंत निघाली,
इतकी स्वच्छ की आम्हालाच लाज वाटली.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
आता पायरीच त्रेपन्न मैलांवर गेली,
शहाण्यांचीही सोय झाली, वेड्यांचीही.

आज मी गुडघा दाखवायला शहरात निघालोय.
सात-चाळीसची बस. याच्या आधीची नाही.
पुढच्या सीटवर थेल्मा, मांडीवर पिशवी,
शेवटच्या सीटवर डीन मॉन्सी,
विमा नसलेली व्हॅन, दुसऱ्यांदा,
आणि लग्नातला कोट, बाह्यांना आखूड.
ती मागे बघत नाही.
तो पुढे बघत नाही.
मधे मी, दोघांनाही नमस्कार करून
खिडकीबाहेर मेंढ्या मोजतोय.

नदीवरच्या पुलाशी बस थांबली.
पाणी रस्त्यावर आलंय.
ड्रायव्हरने इंजिन बंद केलं
आणि डबा उघडला.

थेल्माने फोन लावला. लगेच लागला.
"हो, हो, काळजी नको," पलीकडून कुणीतरी म्हणालं.
डीननेही लावला.
रांगेत त्याचा नंबर सत्तावीस,
मग संगीत, मग सव्वीस,
मग फोनची बॅटरी संपली.

साडेदहा.
त्या शहरात, काचेच्या कुठल्यातरी मजल्यावर,
माझ्यासारखाच कुणीतरी
रिकाम्या कॉरिडॉरमध्ये नाव घेत असेल.
तीनदा घ्यायचं, मधे दम खायचा.
मग आत जाऊन सांगायचं, गैरहजर.
मग वॉरंट.
गैरहजर माणूस कसा दिसतो
हे त्या टेबलावरच्या कुणालाच
आज माहीत नसणार.

मला काय झालं कुणास ठाऊक.
दुखऱ्या गुडघ्यावर उभा राहिलो,
दांडा धरला,
खोकला सांभाळला.
"मॉन्सी, डीन!"

ड्रायव्हरचा घास हातातच राहिला.
मागून आवाज आला, जरा चिरका:
"हजर आहे."

थेल्माने चष्मा काढला.
मागे मात्र वळली नाही.
पाणी अजून चढतच होतं.