रुजू तारीख

अलकापुरीच्या हॉटेलात अर्धा दिवस सेमिनार झाला.
एकोणतीस कायदे चार संहितांत कसे बसले
ते वक्त्याने पडद्यावर दाखवलं.
आईने बदलीच्या वेळी सगळी भांडी
चार पोत्यांत बसवली होती, तसं.
काय फुटलं ते नव्या घरी पोती सोडल्यावर कळायचं.
पुढच्या रांगेतून कुणी विचारलं,
बेसिक निम्मं, म्हणजे कशाच्या निम्मं?
मग चहा आला.

वहीत मी तीन ओळी उतरवल्या :
नियुक्तीपत्र प्रत्येकाला. "प्रत्येकाला"खाली रेघ.
सोडून जाणाऱ्याचा हिशेब दोन दिवसांत.
तिसरी ओळ आता मलाच वाचता येत नाही.

सोमवारपासून मकरपुऱ्यात
आमच्या व्हॉल्व्हच्या शेडवर, माळ्यावरच्या केबिनमध्ये
पत्रं काढतेय.
नाव, हुद्दा, पगार, रुजू तारीख.
बासष्ट जण. एकसष्टांचं काही अडलं नाही.

भलसिंग राठवा. खाली ओतीव कामाच्या कडा घासतो.
हातमोजे काढून खुर्चीच्या कडेवर टेकला.
संगणक म्हणतो, रुजू : गेला ऑगस्ट.
त्याआधी म्हणतो, आदल्या वर्षीचा सप्टेंबर.
दर अकरा महिन्यांनी दोन दिवस
भलसिंग आमच्याकडे नव्हताच.
कुठे असायचात?
"इथेच, बेन. गेटबाहेर, चहाच्या लारीवर.
बोलावलं तर लगेच यायला बरं."

जुनं मस्टर फतेगंजच्या तळघरात होतं.
विश्वामित्री आत आली, पानं पानांना चिकटली,
आता त्याची वीट झालीय.
केबिनचं दार तिच्याच टेकूवर उघडं राहतं.

मग नक्की कधीपासून?
तो तारीख सांगत नाही. सांगतो,
कवांटचा मेळा झाला, त्यानंतरचा दुसरा सोमवार.
कमरेला तुंबे बांधून नाचला होता,
त्यांचे वळ अजून अंगावर होते.
कुठल्या साली?
"मोठी पोटात होती."
मोठी आता?
"छोटाउदेपूरला. नर्सिंग. एकोणीस पुरी."

होळी कधी होती, मेळा होळीनंतर तिसऱ्या दिवशी,
आधी बोटांवर, मग मोबाईलच्या कॅलेंडरात
मागे, मागे, अंगठा दुखेपर्यंत.
सत्तावीस मार्च दोन हजार सहा.
सोमवारच निघाला.

मेळा पुरावा म्हणून कुठल्या कलमात चालतो
ते सेमिनारमध्ये कुणी विचारलं नव्हतं.

तेवढ्यात शेठचा मेसेज :
सर्वांना आजची तारीख टाका. नवा कायदा, नवी सुरुवात.
शेवटी जोडलेल्या हातांचं चित्र.
भलसिंगची वीस वर्षांची ग्रॅच्युइटी
त्या दोन तळव्यांत मावेल असं त्यांना वाटत असावं.

का कोण जाणे, मी माझीच फाईल काढली.
प्रोबेशन, सहा महिने. पुढे कागद नाही.
अकरा वर्षं झाली.
म्हणजे कायम करण्याचं पत्र देणारी बाई
स्वतः अजून तपासणीत आहे.
हसले. भलसिंगला वाटलं त्याच्यावर,
तोही थोडा हसला.

२७-०३-२००६.
टाईप केलं. प्रिंटरने दोनदा कागद अडकवला,
तिसऱ्यांदा सोडला.

त्याने तो दोन्ही हातांनी धरला,
वाचला नाही. तारखेच्या रकान्यावर
काळं पडलेलं बोट ठेवायचं म्हणून नेलं,
आणि मध्येच मागे घेतलं, डाग पडेल म्हणून.
"लॅमिनेशन करून आणू? लारीशेजारी आहे दुकान."

नको, म्हटलं. सही व्हायचीय.
"तुमची ना?"

माझी नाही.

बसा, म्हणून मी कागद घेतला.
दाराची वीट पायाने सरकवली.
खाली जायला चौदा पायऱ्या आहेत,
सातवीवर वळण, तिथून
शेठच्या काचेमागचा दिवा दिसतो.
लागलेला होता.