फिनीर द, फिनीर पार

मंगळवारी सातला, ल आव्रच्या बंदरामागे,
लाँड्रीच्या वरच्या खोलीत
मी फळ्यावर क्रियापदं मांडते,
ज्याचं त्याचं शेपूट लावून:
ह्याला आ, ह्याला द.
खाली यंत्रं गरगरतात, खडू थरथरतो.

का, ते विचारू नका, मी आधीच सांगते.
एकतीस वर्षं टपाल वाटलंय मी.
कुठलं पाकीट कुठल्या दारात, याला कारण नसतं.
पत्ता असतो.

'जुए आ' म्हणजे खेळणं, 'जुए द' म्हणजे वाजवणं.
तरी द्रितान, गोदीतला वेल्डर,
दर आठवड्याला पत्ते वाजवतो
आणि अकॉर्डियन खेळतो.
सगळे हसतात. तोही.
मला वाटतं, आता मुद्दाम चुकतो.

'तनीर आ': जीव असणं कुणावर.
'तनीर द': कुणावर जाणं, म्हणजे नाक, चाल, हट्ट.
नाबिंतू उठून म्हणाली,
मी आईवर गेले, पण माझा तिच्यावर जीव नाही.
दोन्ही शेपटं अचूक.
मी शाब्बास म्हणाले
आणि जीभ चावली.

'आताँद्र'ला मात्र काहीच लागत नाही.
वाट पाहणारी, आणि ज्याची पाहायची तो,
मध्ये अक्षरसुद्धा नको.
त्सिरा नेमकी तिथेच 'पूर' घुसवते.
मी खोडते, ती घालते.
आठ महिने असं चाललंय.
नवरा कुताइसीत,
कागद कुठल्याशा खिडकीमागे.

आज तिच्या वहीत 'पूर' नव्हतं.
एकच ओळ होती, 'फिनीर'ची.
गेल्या मंगळवारी मीच शिकवलेलं:
'फिनीर द', एखादं काम उरकून मोकळं होणं;
'फिनीर पार', नको नको म्हणत
शेवटी तेच करून बसणं.
तिनं 'पार' लिहिलं होतं:
शेवटी मी त्याची वाट पाहू लागलेच.
तिथे 'द' असता तर:
त्याची वाट पाहून झाली माझी.

लाल पेन उघडलं.
वाक्यात चूक नव्हती.
तिला हेच म्हणायचं होतं का,
की पुन्हा शेपूट बदललं?
विचारणार होते,
तर ती एका बाहीत हात घालून
दुसरी बाही शोधत जिन्यापर्यंत पोचलेली,
म्हाताऱ्या मस्य फोवेलला आठच्या गोळ्या द्यायच्या असतात.

खाली एक यंत्र पिळून थांबलं.
पेनाला टोपण लावलं.
बरोबरची खूण केली पेन्सिलीनं,
पुसता येईल अशी.