लागू नसेल ते खोडावे

यंत्र म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा.
मी उजवा अंगठा पँटला पुसून पुन्हा टेकवला.
मग डावा. मग तर्जनी.
बोऱ्हाडे नावाची मुलगी म्हणाली,
काका, थोडी व्हॅसलीन लावून बघू या का?
मुलगी चांगली आहे. तिच्यावर राग नाही.

नारायण पेठेतल्या तळघरात
अडतीस वर्षं मी खिळे जुळवले,
शिशाचे, उलटे, एकेक अक्षर.
बोटांच्या रेषा तिथेच राहिल्या बहुतेक,
कान्यांच्या आणि वेलांट्यांच्या खणांत.

सरकारी नमुने आमच्याकडेच यायचे छपाईला.
हयातीचा दाखला मी स्वतः जुळवलेला आहे:
'सदर इसम आज रोजी माझ्यासमोर हजर असून जिवंत आहे.'
बारा पॉइंट, उजवीकडे सही, डावीकडे शिक्का.
इसमाने हजर राहिलं
की तेव्हा पुरत असे.

ज्येष्ठ नागरिक कक्ष दुसऱ्या मजल्यावर.
लिफ्टच्या दारावर कागद: दुरुस्ती चालू आहे.
गेल्या दिवाळीपासून
त्या इमारतीत चालू म्हणावं असं तेवढंच.
साहेबांना म्हटलं, बावन्न पायऱ्या चढून आलोय,
मेलेला माणूस एवढी धाप टाकत नाही.
ते म्हणाले, मला दिसताय हो तुम्ही,
सिस्टिमला दिसायला हवेत.
मग एक छापील अर्ज पुढे सरकवला.
विवाहित / विधुर.
खाली माझीच ओळ, हजारदा जुळवलेली:
लागू नसेल ते खोडावे.

दोरीला बांधलेलं पेन हातात धरून बसलो.

शालनला जाऊन तीन वर्षं झाली.
वैकुंठात बटण दाबलं गेलं तेव्हा मी तिथेच होतो.
दाखला आला त्यात तिचं नाव 'शालान'.
म्हणजे शालान खळदकर नावाची कोणी बाई वारली,
माझ्या बायकोचं अजून काही ठरलेलं नाही.
दुरुस्तीला गेलो तर म्हणाले, ओटीपी लागेल,
त्यांच्याच नंबरवर येईल.
तो नंबर आता कोथरूडच्या एका डेअरीवाल्याकडे आहे.
मी फोन केला. तो म्हणाला, पनीर संपलंय.

एक काना.
आमच्याकडे जास्तीचा काना चिमट्याने उचलायचे,
जागा भरायची, मजकूर आवळायचा.
चहा निवायच्या आत व्हायचं.

एका घरातली दोन माणसं
आणि दोघांचेही कागद उलटे.
उलटं वाचायची मला सवय आहे,
पण ते छापून सुलटं निघायचं.
हे कितीदाही छापा,
हे असंच.

अर्ज कोरा ठेवून उतरलो.
पंचवीस वर्षांची शेजारची पोरं सांगतात,
काका, आता सगळं घरबसल्या होतं.
होत असेल. मी घरीच बसलेलो असतो,
अजून काही झालेलं नाही.
लक्ष्मी रोडच्या फुटपाथवर
मागून एक स्कूटर आली, हॉर्नवर हॉर्न.
शिवी तोंडात आली होती, गिळली.
दिवसभरात त्याच्याच हिशेबी मी होतो.

दाराच्या फटीतून चिठ्ठी सरकवलेली होती.
निवडणुकीची, मतदाराच्या नावाची.
चष्मा लावला.
खळदकर शालन मोरेश्वर. स्त्री.
काना नाही. वेलांटी नाही. शुद्ध.
वय सत्तर.
गेली तेव्हा सदुसष्टची होती,
मधली तीन वर्षं कोणीतरी नीट मोजली.
आम्हा दोघांत
मी सोडून तेवढं एकाच खात्याने केलं.

चूक दिसली की खूण करायची, हा हाताचा धर्म.
समासात बारीक रेघ, पुढे शेपूट.
पेन्सिल शोधली, टोक काढलं,
तीही चिठ्ठीत नव्हे, कानावर ठेवली.
कळवायला हवं, मला कळतं.
कायद्याने गुन्हाच असेल कदाचित.
ज्यांना मीच पटत नाही
त्यांना माझा गुन्हा कसा पटेल, बघू.

चिठ्ठी साखरेच्या डब्याखाली ठेवली.
शाळेची इमारत, खोली चार.
सकाळी सात ते संध्याकाळी सहा.
तळमजला.