शुद्धिपत्र

सुकुमार मगदूम, सांगलीच्या हळद-यार्डात तोलाईचा माणूस,
मिरजेच्या दवाखान्यात एकविसाव्या दिवशी
आमच्या पान तीनवर आला.
तीन कॉलम, फोटोसह.

बातमी मुबीन जमादारची, रात्री पावणेअकराला आलेली,
मोबाइलवर बडवलेली, ऱ्हस्व-दीर्घ वाटेत सांडत.
ती नीट करणं माझं काम.
मी नीट केली.

भाऊ म्हणाला होता, शेवटपर्यंत प्रयत्न करा.
बायको म्हणाली होती, आता पुरे.
दोघंही नुसते म्हणालेच होते, एकाच बाकावर बसून,
मध्ये पाण्याची बाटली, दोघांत मिळून एक.
मी भावाला 'निर्धार' दिला.
तिला 'हट्ट'.
डॉक्टरांनी 'स्पष्ट केले',
भावाने 'सांगितले',
तिने 'दावा केला'
की ते स्वतःच बोलले होते तसं,
मागच्या उन्हाळ्यात, गच्चीवर, पापड उलटताना,
मला नळ्यांनी बांधून ठेवू नका म्हणून.
पापड मी काढले. जागा नव्हती.

जागा नव्हती हे खरंय.
खाली त्याच दवाखान्याची पाव पान जाहिरात होती,
नवा अतिदक्षता विभाग, हसरी नर्स.
जाहिरात आधी लागते.
बातमी उरलेल्यात मावते.

फोटो दोन होते.
एक आत्ताचा : तोंडात नळी, चिकटपट्टीनं ओढलेला गाल,
आणि नखांत अजून हळद.
नवीन सिस्टरला कावीळ वाटली होती म्हणे.
दुसरा भाचीच्या लग्नातला : फेटा, हातात आइस्क्रीमचा कप.
आम्ही फेटा घेतला.
फेट्यातल्या माणसाला जाऊ द्या,
असं कोण म्हणेल सकाळी चहा पिताना?

वरून फोन आला,
जैन आहेत ना, मग धर्माचा काही अँगल?
मुबीननं विचारलं तिला, बिचारा, चपलांकडं बघत.
ती म्हणाली, 'फुप्फुसांचा आहे.'
तेही गेलं नाही.

मथळा माझा.
दादाचा श्वास तोडू नका : भावाची आर्त हाक
भाऊ हे वाक्य बोललाच नव्हता.
मी अवतरणचिन्हं घातली नाहीत.
तेवढा कायदा मला येतो.
तोडू.
जसा काही तो फांदीला लागलेला होता
आणि ती खाली उभी, आकडी घेऊन.
'सोडणं' आणि 'तोडणं', जागा तेवढीच लागते,
हे मी दुसऱ्या दिवशी बोटांवर मोजलं.

तो तिसऱ्या पहाटे गेला, नळीसकट.
कुणी काही काढलं नव्हतं.
समिती सोमवारी बसणार होती.
त्याची बातमी चार ओळी, 'अखेर'नं सुरू होणारी.
भाऊ आणि ती एकाच रिक्षातून घरी गेले, असं मुबीन म्हणाला.
याला मथळा नसतो.

तेराव्यानंतर ती ऑफिसला आली.
जिना चढून, कात्रण प्लॅस्टिकच्या पिशवीत.
मी तयार होतो : दोन्ही बाजू मांडल्यात, बाई,
तुमचं म्हणणंही आहे, हे बघा, शेवटचा परिच्छेद.
तिनं कात्रण टेबलावर सपाट केलं,
बोट ठेवलं.
'वय चुकलंय. त्रेपन्न छापलंय.
बावन्न होते. श्रावणात त्रेपन्न लागलं असतं.'

एवढंच? मी विचारलं.
माझा आवाज मलाच जरा आशेचा वाटला.

'बाकीचं तुमचं आहे,' ती म्हणाली.

दुरुस्ती दुसऱ्या दिवशी, पान सहा, राशिभविष्याखाली :
वय ५३ ऐवजी ५२ असे वाचावे. दिलगीर आहोत.

बातमीत ती सगळीकडं 'पत्नी' होती.
खाली वॉचमनच्या वहीत मात्र
तिनं गोल, शाळेतल्या अक्षरात लिहिलंय
नाव : त्रिशला सुकुमार मगदूम
कोणाला भेटायचे : मोकळं
काम : वय