दोन सूत

बडोद्याला, दांडिया बाजारात, जिनगरमामांनी
अप्पांची औषधांची वही शिकंज्यात आवळली.
“दोन सूत जाईल. कसरीने खाल्लंय.”

पातं पुढे, पातं मागे;
पायाशी पिवळी कात्रणं,
न्हाव्याकडे साचतात तशी.
काचकागद. स्पंजाने लाल रंग.
मग खंबायतचा अकीक,
अंगाचा भार देऊन,
कड नखाखाली वाजेपर्यंत.

पैसे मोजताना लाल कडेत
केसाएवढी फट दिसली.
“एक पान निसटलं का?”
“निसटलं नाही. दुमडून ठेवलंय.”

घरी उलगडलं.
दोन सूत बाहेर आलं, जुनं, कुरतडलेलं,
आणि त्या पट्टीवर, समास संपतो तिथे,
गुंजेगुंजेचा हिशेब ठेवणाऱ्या अप्पांचं
तिरपं अक्षर:
कडू लागल्यास मध.
मोजू नये.